एक्स-विंग दिसण्याआधी

माझ्या पुतण्याच्या फोनमधल्या सुडोकूला सगळ्या युक्त्यांची नावं पाठ आहेत. कोडं अडलं की तो सूचना देणारा बल्ब दाबतो आणि मग मला येऊन सांगतो, "काकू, हे साध्या पद्धतीनं सुटणारं नाहीच. यात एक्स-विंग आहे."

एक्स-विंग, म्हणजे एकच आकडा दोन ओळींत त्याच दोन रकान्यांत अडकलेला असणं, मला मनापासून आवडते. पण ती कोड्यात आधीपासून बसलेली असते आणि फक्त हुशारांना दिसते, हे मला पटत नाही. बहुतेक वेळा ती साध्या युक्त्यांनीच तयार होते. त्या अर्धवट सोडल्या, तर ती तिथे नसतेच.

आमचं मेडिकलचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा मी काउंटरवर कागदावरचं सुडोकू घेऊन बसते. सोबत शून्य पॉइंट पाच शिशाची पेन्सिल आणि चांगला खोडरबर, कारण कोड्याच्या एकेका घरात बारीक आकडे लिहायचे तर शीस जाड चालत नाही. परवाचं कोडं 'अतिकठीण' होतं. सरळ बसणारे आकडे भरून झाले आणि गाडी थांबली. मग मी प्रत्येक रिकाम्या घरात शक्य ते सगळे आकडे लिहून काढले. हे काम कंटाळवाणं आहे, आणि नेमकं इथेच बहुतेक जण घाई करतात.

पहिली गोष्ट दिसली ती खालच्या मधल्या चौकटीत, म्हणजे तीन बाय तीन घरांच्या चौकोनात. तिथे १ साठी उरलेली घरं सगळी नवव्या ओळीतच होती. म्हणजे नवव्या ओळीचा १ त्या चौकटीतच जाणार, बाकीच्या घरांतला १ खोडायचा. नवव्या ओळीच्या तिसऱ्या घरात १, २, ७ होते, तिथे २ आणि ७ राहिले. आकडा एकही भरला नव्हता, नुसतं खोडलं होतं. पण कठीण कोड्यात खोडणं हीच कमाई असते.

मग मधली चौकट. २ आणि ५ हे दोन आकडे तिथे दोनच घरांत बसू शकत होते: चौथ्या ओळीचं चौथं घर आणि सहाव्या ओळीचं सहावं घर. दोन औषधं आणि ती मावतील असे दोनच खण असतील, तर त्या खणांत तिसरं काही ठेवता येत नाही. सहाव्या ओळीच्या त्या घरात २, ५ सोबत ७ सुद्धा लिहिलेला होता. तो ७ गेला.

तो एक ७ जाईपर्यंत सहाव्या ओळीत ७ साठी तीन जागा होत्या: तिसरा, सहावा आणि आठवा रकाना. आता दोन उरल्या, तिसरा आणि आठवा. दुसऱ्या ओळीत ७ आधीपासूनच तिसऱ्या आणि आठव्या रकान्यातच अडकलेला होता. झाली एक्स-विंग! दोन्ही ओळींचे ७ त्या दोन रकान्यांत तिरपे बसणार. कोणता कुठे ते अजून माहीत नाही, पण दोन्ही रकान्यांचा ७ या दोन ओळींतच संपला. तिसऱ्या रकान्यातल्या बाकीच्या घरांतला ७ खोडला आणि नवव्या ओळीच्या त्या घरात २ एकटा उरला.

हे सगळं मी पुतण्याला दाखवत होते. इथे त्याला थांबवलं आणि विचारलं, "मघाच्या जोडीत आणि यात फरक काय?" मघाशी दोन आकडे आणि दोन घरं होती. आता आकडा एकच, पण दोन ओळी आणि दोन रकाने. मोजणी तीच, फक्त पाहण्याची दिशा बदलली. तीन ओळी आणि तीन रकाने घेतले की त्याच युक्तीला स्वोर्डफिश म्हणतात. म्हणून ज्याला जोडी नीट कळली, त्याला एक्स-विंग वेगळी शिकवावी लागत नाही, असं माझं ठाम मत आहे.

पुढची पायरी मात्र खरंच वेगळी होती. नवव्या ओळीत २ बसल्यावर त्याच चौकटीतल्या आठव्या ओळीच्या दुसऱ्या घरातला २ गेला, राहिले ६ आणि ९. आता तीन घरं बघा. पाचव्या ओळीत पाचव्या घरात ३ किंवा ८. त्याच ओळीत दुसऱ्या घरात ३ किंवा ६. पाचव्याच रकान्यात खाली आठव्या ओळीत ६ किंवा ८. मधलं घर ३ झालं तर डावीकडे ६ येतो, ८ झालं तर खाली ६ येतो. दोन्ही घरांच्या नजरेत असलेलं, म्हणजे एकाच्या रकान्यात आणि दुसऱ्याच्या ओळीत येणारं घर म्हणजे आठव्या ओळीचं दुसरं. तिथे ६ येऊच शकत नाही, तिथे ९. याला एक्सवाय-विंग म्हणतात. "मग हा अंदाजच झाला ना, काकू?" असं त्यानं विचारलं. नाही. अंदाजात आपण एक वाट धरतो आणि चुकली तर परत फिरतो. इथे दोन्ही वाटा बघितल्या आणि दोन्हींत जे सारखं होतं तेवढंच लिहिलं. त्या ९ नंतर कोडं भराभर सुटलं.

कठीणपणा दिलेल्या आकड्यांच्या संख्येवर ठरतो, हा समजही सोडून द्यावा. एकच उत्तर असलेल्या कोड्याला किमान १७ आकडे लागतात, हे डब्लिनच्या गॅरी मॅग्वायर यांच्या गटानं २०१२ मध्ये संगणकानं तपासून दाखवलं. पण १७ आकड्यांची कित्येक कोडी नुसते सरळ बसणारे आकडे एकेक करून भरत गेलं तरी सुटतात. त्याच वर्षी गाजलेल्या आर्तो इंकाला या फिनिश गणितज्ञाच्या कोड्यात २१ आकडे दिलेले आहेत, आणि तिथे एक्स-विंग, एक्सवाय-विंग काहीच पुरत नाही. लांबलचक साखळ्या धराव्या लागतात: हे खरं तर ते खरं, ते खरं तर पलीकडचं खोटं, असं घरामागून घर.

तसली कोडी मी सोडवते, पण आवडीनं नाही. जपानच्या निकोली या कोड्यांच्या प्रकाशनसंस्थेनं हातानं रचलेल्या कोड्यांचा आग्रह धरला, तो मला योग्य वाटतो. रचणाऱ्यानं पहिली फट कुठे ठेवली, त्यानंतर कुठे नेलं, हे अशा कोड्यात जाणवतं. आपण कोणाशी तरी बोलत असतो.

पुतण्याला आता मी एकच अट घातली आहे: बल्ब दाबायच्या आधी बारीक आकडे सगळ्या घरांत पूर्ण लिहायचे, आणि प्रत्येक चौकटीत, ओळीत, रकान्यात जोड्या शोधून झाल्या पाहिजेत. त्यानंतरही अडलं तर खुशाल दाबावा. कालच्या कोड्यात त्याला दाबावा लागला नाही. एक्स-विंग त्यानंच मला दाखवली, चौथ्या आणि आठव्या ओळीत, ३ ची.