गिरणगावात अकरा दिवस: एक रेकॉर्डर, एक वही

"म्हणजे टीव्हीवर येणार का?" मी न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात, मौखिक इतिहासाचं (माणसांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात नोंदवण्याचं) एम.ए. करतेय असं सांगितलं की मुंबईच्या लालबागमध्ये पहिला प्रश्न हाच. तुम्हीही अशा मुलाखती घेणार असाल तर नाही येणार, हे लगेच सांगून टाका. मी गुळमुळीत उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी मुलाखत देणारे गिरणी कामगार काका इस्त्रीचा सदरा घालून, मुलगा-सून दोन्ही बाजूंना बसवून तयार. दोन तास बोलले. १९८२ च्या गिरणी संपाचं भाषण मिळालं, काका काही मिळाले नाहीत.

प्रबंधासाठी गिरणी कामगारांच्या मुलाखती हव्या होत्या. जानेवारीतले अकरा दिवस हाताशी होते. चिंचपोकळीला उतरले आणि दोन दिवसांतच कळलं की गिरणगावातली माणसं आता गिरणगावात कमीच आहेत. मिळालेल्या नंबरांपैकी निम्मे नालासोपारा, विरार, बदलापूरचे निघाले आणि दोघं कायमचे गावी गेलेले. लोकलचा पास काढा आणि दिवसाला एकच मुलाखत धरा. मी एकदा दोन धरल्या होत्या. दुसऱ्या घरी पोचले तेव्हा मीच पेंगत होते आणि आजी मला चहा पाजत होत्या. शिमगा, मे महिना आणि गणपती टाळा. त्या दिवसांत कोकणातल्या माणसांची दारं इथे बंद असतात.

आवाजाचं थोडक्यात सांगते. रेकॉर्डिंग एमपीथ्रीत नको, वेव्ह (WAV) फाइलमध्ये करा. रात्री झोपण्याआधी दोन ठिकाणी कॉपी ठेवा. पंखा बंद करायला सांगायची लाज वाटते, पण सांगा. लालबागच्या मसाला गल्लीजवळ घर असेल तर दुकानं उघडायच्या आत जा, कारण मिरची कुटणारे डंक सुरू झाले की त्यांची धपधप भिंतीतून माइकात येते. (मला ती आता आवडायला लागली आहे. तिचं वेगळं दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग करून ठेवलंय.)

आता माझी खरी फजिती. इस्त्रीच्या सदऱ्यातले ते काका साचाखात्यातले, म्हणजे कापड विणायच्या मागांच्या (साच्यांच्या) खात्यातले. तीस वर्षं मागांच्या खडखडाटात उभं राहिलेल्या माणसाला ऐकायला कमी येतं, हे माझ्या प्रश्नावलीत कुठे नव्हतं. मी ओरडून विचारायचे, रेकॉर्डरचा काटा लाल व्हायचा. आणि काका बरीचशी उत्तरं हातांनीच द्यायचे. खात्यात बोललेलं ऐकूच यायचं नाही. तिथे धागा तुटला, जॉबर (कामावर देखरेख करणारा) आला, पाणी हवंय, सगळं खुणांनी चालायचं. रात्री हेडफोन लावून ऐकलं तर काय? लांबलचक शांतता आणि मध्येच माझं बावळट "अच्छा, अच्छा".

मी मुळात चित्रं काढणारी. पुढच्या भेटीत वही पुढे केली. म्हटलं, काका, तुमचं खातं काढून दाखवा. आधी "मला कुठे येतंय" झालं. मग दार काढलं, मागांच्या रांगा काढल्या. "इथे मी. इथे सातारचा एक जण, त्याला सुट्टी घ्यायची की माझे दोन साचे जास्त." एकेका चौकोनातून माणसं निघत गेली: बदलीवाले (गैरहजर कामगाराच्या जागी लागणारे), मुकादम, डबा टांगायचा खिळा. रेकॉर्डर चालूच होता. तुम्हाला चित्र येत नसेल तरी वही न्या, पेन मात्र त्यांच्या हातात द्या.

संप पाऊण तासाने आपणहून आला. काका म्हणाले, "संप पावसात सुरू झाला." मी तोंड उघडलंच होतं. संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, हे मला पाठ होतं. पण वर्गात शिकलेली इटलीतली एक गोष्ट आठवली. तेर्नी गावात लुइजी त्रास्तुल्ली हा पोलाद कामगार १९४९ साली नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांकडून मारला गेला. पुढे कित्येक कामगार तो १९५३ च्या कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात गेला असं सांगत. मौखिक इतिहासकार अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी ती चूक खोडली नाही. माणसांना ती का करावीशी वाटली, ते शोधलं.

म्हणून मी फक्त विचारलं, "पावसात काय झालं?" त्या जूनमध्ये काकांनी दोन्ही मुलांना गावच्या शाळेत घातलं आणि एकटे परत आले. तोवर पगार बंद होता, पण घर चालू होतं. घर चालू कसं होतं, ते स्वयंपाकघरातून काकूंकडून आलं: "पाच जणांची खानावळ होती माझी. ते कोण विचारणार?" मी माइक लावला होता काकांना. दुसरा माइक न्या, आणि घरातल्या बाईंसाठी वेगळा दिवस ठेवा. "संप कधी संपला?" असं विचारू नका. तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही, आणि त्या प्रश्नावर माणसं गप्प होतात.

संमतीपत्राचं ऐका. मी इंग्रजी तीन पानं नेली होती, चूक माझीच. सहीचं नाव काढताच एका मामांनी चष्मा काढून ठेवला. गिरणी बंद होताना केलेल्या सह्या लोक विसरलेले नाहीत. मग मी अर्धं पान साध्या मराठीत लिहिलं. रेकॉर्डिंग कुठे राहणार, कोण ऐकणार, नको वाटलं तर काय काढता येईल, एवढंच. सही बोलणं झाल्यावर घ्या, आणि एक प्रत त्यांच्याकडे ठेवून या.

शेवटच्या दिवशी काकांना वहीतल्या पानाची झेरॉक्स दिली. त्यांनी ती उजेडात धरली, बराच वेळ बघितली, पेन मागितलं आणि जॉबरला खोडून दाराच्या अलीकडे बसवलं.