रॅम्प, पीडीएफ आणि सेमिस्टरचा पहिला आठवडा

अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात मी काम करते. प्राध्यापक जे जे ऑनलाइन टाकतात, म्हणजे नोट्स, स्लाइड्स, व्हिडिओ, फॉर्म, ते प्रत्येक विद्यार्थ्याला वापरता येतंय ना हे बघायचं, आणि येत नसेल तर दुरुस्त करायचं, हे माझं काम. फोनवर घरच्यांना सांगायला गेलं की ते नेहमी अर्ध्यावरच राहतं. म्हणून आज नीट बसून लिहितेय.

इथे यायच्या आधी मी ऐकलं होतं की अमेरिकेत सगळीकडे रॅम्प असतात, बटण दाबलं की दार उघडतं. ते खरंच आहे. व्हीलचेअरवरची मुलं एकटी हिंडताना दिसतात, पांढरी काठी घेतलेला विद्यार्थी घाईघाईने वर्गाकडे निघालेला दिसतो, आणि वळून कुणी बघत नाही. मला आजही हे बघून बरं वाटतं. पण ही सोय भांडून मिळवलेली आहे, आणि ती अजून अर्धवट आहे. या दोन्ही गोष्टी इथे राहिल्यावरच कळल्या.

इलिनॉय विद्यापीठात टिमथी न्यूजंट यांनी 1948 मध्ये अपंग विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम सुरू केला. दुसऱ्या महायुद्धातून जखमी होऊन परतलेले सैनिक सरकारी खर्चाने शिकायला निघाले होते, आणि व्हीलचेअरवरच्या माणसाला वर्गापर्यंत पोचताच येत नव्हतं. गेल्सबर्ग गावातल्या एका जुन्या लष्करी रुग्णालयाच्या आवारात हा कार्यक्रम चालायचा. वर्षभरातच ते आवार बंद करायचं ठरलं, तेव्हा विद्यार्थी राज्याच्या राजधानीत जाऊन धडकले. पुढे कार्यक्रम अर्बाना-शँपेनच्या मुख्य कॅम्पसवर हलला. तिथे रॅम्प झाले, व्हीलचेअर वर घेणाऱ्या बस आल्या. इमारती अपंगांना वापरता याव्यात म्हणून 1961 मध्ये अमेरिकेतलं पहिलं राष्ट्रीय मानक निघालं, त्याच्या मुळाशी न्यूजंट यांचंच काम होतं. रॅम्पच्या उताराचं 1:12 हे प्रमाण तेव्हापासूनचं. सहा इंच चढायचं असेल तर रॅम्प निदान सहा फूट लांब हवा. त्याहून उभा रॅम्प हाताने चाकं ढकलणाऱ्याला दमवतो आणि उतरताना धोक्याचा होतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले कॅम्पसची गोष्ट वेगळी. 1962 मध्ये एड रॉबर्ट्स तिथे शिकायला आले. चौदाव्या वर्षी पोलिओ होऊन मानेखालचं शरीर जवळजवळ लुळं पडलेलं, आणि झोपताना श्वासासाठी ‘आयर्न लंग’ हे अवाढव्य यंत्र लागायचं. वसतिगृहात ते ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांची राहायची सोय झाली विद्यापीठाच्या रुग्णालयात. त्यांच्या मागोमाग तसेच आणखी विद्यार्थी आले, आणि त्यांनी आपल्या गटाला नाव दिलं ‘रोलिंग क्वॉड्स’. बर्कलेच्या रस्त्यांवर फुटपाथच्या कोपऱ्यांना उतार मिळावेत म्हणून ही मंडळी नगरपालिकेच्या मागे लागली. आज त्या उतारावरून बाबागाड्या जातात, सामानाच्या बॅगा जातात, सायकली जातात.

कायदा मात्र आपोआप हलला नाही. सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही संस्थेला अपंगत्वावरून भेदभाव करता येणार नाही, असं 1973 च्या पुनर्वसन कायद्याच्या कलम 504 मध्ये लिहिलं गेलं, पण त्याचे नियमच निघेनात. चार वर्षं अशीच गेली. 5 एप्रिल 1977 रोजी सॅन फ्रान्सिस्कोतल्या केंद्र सरकारच्या इमारतीत शंभराहून जास्त माणसं ठिय्या देऊन बसली आणि जवळजवळ चार आठवडे तिथून हलली नाहीत. ज्युडी ह्यूमन त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक. यातल्या कित्येकांना कूस बदलायलासुद्धा दुसऱ्याची मदत लागत होती. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते त्यांना जेवण आणून देत होते. 28 एप्रिलला नियमांवर सही झाली. हे वाचल्यापासून दाराशेजारच्या त्या निळ्या बटणाकडे मी सहज म्हणून बघू शकत नाही.

आता आजच्या कॅम्पसबद्दल. आमच्या विभागातली एक सहकारी विजेवर चालणारी व्हीलचेअर वापरते. हिवाळ्यात तिच्याबरोबर बैठकीला निघालं की आपला नेहमीचा रस्ता अनोळखी होऊन जातो. रात्री बर्फ पडतो, पहाटे नांगर लावलेली गाडी रस्ता साफ करून जाते, आणि सगळा बर्फ कडेला सारते. कडेला म्हणजे नेमका फुटपाथच्या उतारावर. आपण त्या ढिगावरून पाय टाकून पुढे जातो. ती थांबते. मग मागे वळून पुढच्या चौकापर्यंत जायचं, तिथला उतार मोकळा असेल तर पलीकडे जायचं, आणि तेवढंच अंतर परत यायचं. उतारावर पिवळ्या रंगाची खडबडीत पट्टी असते, काठीने आणि तळव्याने रस्त्याची कड समजावी म्हणून. तीही बर्फाखाली गडप. इमारतीशी पोचल्यावर दाराचं बटण बंद पडलेलं असतं, किंवा ज्या लिफ्टने जायचं ती इमारतीच्या मागच्या बाजूला, माल चढवायच्या जागेजवळ. आम्ही दोघी एकाच वेळी ऑफिसातून निघालेल्या असतो. तिला उशीर होतो, आणि माफीही तीच मागते. या माफीचा मला फार राग येतो.

नकाशावर ही इमारत ‘सुगम्य’ अशीच नोंदलेली असते. रॅम्प आहे, लिफ्ट आहे, दाराची रुंदी नियमाप्रमाणे 32 इंच मोकळी आहे. नियम सगळे पाळलेत. रॅम्पपर्यंतचा रस्ता मोकळा ठेवायची जबाबदारी कुणाची, हे मात्र कुणालाच धड सांगता येत नाही. आगीचा भोंगा झाला की प्रश्न आणखी बिकट होतो, कारण तेव्हा लिफ्ट वापरायची नसते. वरच्या मजल्यावरच्या व्हीलचेअरवरच्या विद्यार्थ्याने कुठे थांबायचं, त्याला खाली कुणी आणायचं, हे त्या मजल्यावर शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं. कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी भोंग्याबरोबर दिवाही लुकलुकायला हवा, आणि तो स्वच्छतागृहातसुद्धा हवा.

माझं रोजचं काम पडद्यावरचं आहे. तिथेही असे बर्फाचे ढीग आहेत, फक्त डोळसांना ते दिसत नाहीत.

अंध विद्यार्थी संगणक वापरतात तो स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर फुकट मिळतो; ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने 2006 मध्ये त्याचं काम सुरू केलं. सराव असलेला विद्यार्थी आवाजाचा वेग इतका ठेवतो की आपल्याला एक शब्द कळत नाही. शिवाय तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ऐकत बसत नाही. ‘एच’ दाबलं की पुढचं शीर्षक, पुन्हा दाबलं की त्याच्या पुढचं, असा तो मजकूर चाळतो. पण शीर्षकाला शीर्षकाची स्टाइल न लावता नुसती अक्षरं मोठी आणि ठळक केली असतील, तर स्क्रीन रीडरच्या लेखी तिथे शीर्षकच नाही. चाळीस पानांच्या नोट्स, आणि हवी ती जागा शोधायला सगळं ऐका. स्कॅन केलेली पीडीएफ तर त्याहून वाईट. डोळ्यांना ते पुस्तकाचं पान दिसतं. संगणकापाशी फक्त एक फोटो असतो, त्यात वाचण्यासारखं अक्षर नसतं.

प्राध्यापकांच्या मदतीसाठी आमच्याकडे प्रत्येक फाइलीपुढे ती कितपत वापरण्याजोगी आहे हे दाखवणारा एक छोटा काटा दिसतो, लाल, नारिंगी किंवा हिरवा. हा काटा उपयोगी आहे, पण त्याच्यावर विसंबणारे लोक बघितले की मला काळजी वाटते. आलेखाला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राऐवजी स्क्रीन रीडरने वाचायचं वर्णन, दिलाय का एवढंच तो तपासतो. तिथे कुणी ‘आलेख 3’ एवढंच लिहिलं तरी तो हिरवा होतो. परीक्षेत जो प्रश्न येणार आहे तो आलेख काय दाखवतो यावर, आणि ऐकणाऱ्याला काय मिळालं, तर ‘आलेख 3’. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातल्या फरकाचं निदान 4.5:1 हे प्रमाण यंत्राने मोजता येतं. आलेखाचा अर्थ लिहायला मात्र तो विषय शिकवणारं माणूसच लागतं.

माझी खरी तक्रार पद्धतीबद्दल आहे. अमेरिकेत शाळेत असेपर्यंत मुलाची गरज ओळखणं ही शाळेची जबाबदारी असते. विद्यापीठात पाऊल टाकलं की ती विद्यार्थ्यावर येते. त्याने अपंगत्व सेवा कार्यालयात नाव नोंदवायचं, डॉक्टरांचे कागद द्यायचे, आणि मिळालेलं पत्र दर सेमिस्टरला प्रत्येक प्राध्यापकापर्यंत पोचवायचं. पत्रात आजाराचं नाव नसतं, फक्त काय सोय हवी ते असतं, ही एक चांगली गोष्ट. पण पत्र आल्यावर काम सुरू होतं. प्रकाशकाकडे पुस्तकाची फाइल मागायची. नाही मिळाली तर स्कॅन करायचं, अक्षरं ओळखून घ्यायची, चुका काढायच्या, तक्ते नीट लावायचे, आणि गणित असेल तर एकेक समीकरण नव्याने लिहायचं. यात आठवडे जातात. बाकीचा वर्ग तोवर तिसऱ्या प्रकरणावर असतो. पुढे परीक्षेला दीडपट वेळ दिला जातो, पण सेमिस्टरच्या सुरुवातीला गेलेले ते आठवडे कुठल्याच पत्राने परत मिळत नाहीत.

म्हणून मी भेटेल त्या प्राध्यापकांना एकच सांगते: मागणी येईपर्यंत थांबू नका. वर्गात अंध विद्यार्थी आहे की नाही हे न बघताच नोट्स नीट करा. आधी केलेलं काम थोडं असतं, नंतर केलेलं डोंगराएवढं. बर्कलेचंच उदाहरण घ्या. व्याख्यानांचे हजारो व्हिडिओ त्यांनी सगळ्या जगासाठी फुकट ठेवले होते, पण बहुतेकांची सबटायटल्स धड नव्हती. कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने तक्रार केली, आणि 2016 मध्ये न्याय खात्याने तक्रारीत तथ्य असल्याचं कळवलं. 2017 मध्ये विद्यापीठाने वीस हजारांहून जास्त व्हिडिओ सार्वजनिक वापरातून काढूनच घेतले. तेव्हा बरेच लोक चिडले ते तक्रार करणाऱ्यांवर. मला ते मुळीच पटत नाही. जे व्हिडिओ कर्णबधिरांना कधीच मिळाले नव्हते, ते बाकीच्यांचेही गेले तेव्हा कुठे लोकांना नुकसान जाणवलं. रेकॉर्डिंग करतानाच सबटायटल्स दिली असती, तर ही वेळच आली नसती. 2022 मध्ये बर्कलेने न्याय खात्याशी करार केला आणि पुढचं काम नियमांप्रमाणे करायचं मान्य केलं. 2024 च्या एप्रिलमध्ये न्याय खात्याने सरकारी संस्थांच्या वेबसाइट आणि अॅपसाठी डब्ल्यूसीएजी 2.1 चा (वेबवरचा मजकूर सगळ्यांना वापरता यावा यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीचा) एए स्तर हे मानक ठरवून दिलं. तेव्हापासून आमच्या विभागाला बैठकांत बोलावणं येतं. आधी आम्हीच वेळ मागत फिरायचो.

शेवटी एक खास मराठीत लिहिणाऱ्यांसाठी. तुमच्यापैकी बरेच जण शिकवता, परिपत्रकं काढता, अंकांचं संपादन करता. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली मराठी पीडीएफ मी एनव्हीडीएवर ऐकून बघितली आहे. पडद्यावर सुंदर देवनागरी दिसत असते, आणि कानावर येतात ती इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं. कारण फाइलीच्या आत तेच असतं. फॉन्ट वरून फक्त मराठीचा आकार चढवतो. अशा फाइलीत शोध चालत नाही आणि मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला तर कचरा उमटतो, म्हणजे हा त्रास डोळसांनाही आहेच. युनिकोडमध्ये टाइप करा, शीर्षकांना शीर्षकाची स्टाइल लावा, चित्राखाली त्यात काय आहे ते एका वाक्यात लिहा. पीडीएफ करताना प्रिंटचा पर्याय घेऊ नका, ‘सेव्ह अॅज’ किंवा ‘एक्सपोर्ट’ने करा, नाहीतर लावलेल्या स्टाइल वाटेतच गळून पडतात. जुन्या फॉन्टमधलं युनिकोडमध्ये आणणारी साधनं मिळतात. जोडाक्षरं आणि रफार तेवढे डोळ्यांखालून घाला, चुका तिथेच होतात. कुठे अडलात तर खाली लिहा, मी सांगेन.