गोडं पाणी

शेजारच्या मावशींनी माझ्या नवऱ्यासाठी शेगावचा नवस बोलला होता. तो बरा झाला तर माघ वद्य सप्तमीला, प्रकटदिनाला, पायी जाईन. मला हे कळलं तो गेल्यावर सहा महिन्यांनी, भाजी निवडता निवडता. मी म्हटलं, मावशी, तो बरा कुठं झाला? त्या पालकाची काडी मोडत म्हणाल्या, "बोलली ते बोलली वो. तो नाही वाचला, हे का गजाननाले मालूम नाही?"

आमचं घर ख्रिस्ती, त्यांचं माळकरी, मध्ये एकच भिंत. दवाखान्यात शेवटच्या अकरा रात्रींपैकी सात रात्री त्या माझ्यासोबत खाली सतरंजीवर झोपल्या होत्या. त्यांचे गुडघे गेलेले, वय सत्तरीच्या पुढं. एकट्या निघाल्या असत्या तर मी घरात बसून काय करणार होते? पण खरं सांगायचं तर मला रागही आला होता. मी मागितला नव्हता हा नवस. माझ्या माणसासाठी मी प्रार्थना केली होती, चर्चमधल्या सगळ्या मंडळीनं केली होती, ती ऐकली गेली नाही असं मला तेव्हा वाटत होतं. आणि आता दुसऱ्या कुणी बोललेला नवस मी पायांनी फेडायचा?

मंडळीतल्या एक-दोघींनी विचारलंच, की हे कसं चालतं तुला? पाळकसाहेबांनी मात्र एवढंच विचारलं, "रोजचा शास्त्रपाठ वाटेत कसा करणार?" मी नवऱ्याची खिशातली प्रत घेतली, नवा करार आणि स्तोत्रसंहिता एकत्र असलेली, तळहातात मावणारी. तिच्या कडा त्याच्या अंगठ्यानं काळ्या झाल्या होत्या.

दर्यापूरकडच्या आमच्या गावाहून दिंडी निघाली. साठेक माणसं, एक टेम्पो, त्यात गाद्या आणि भांडी. पहिल्या दिवसाचं फार आठवत नाही. दर्यापूरला चंद्रभागा लागली, आमची, पंढरपूरची नव्हे. हरभऱ्याची सोंगणी चालू होती, मधेच एखादा पळस पेटलेला. बुक्का लावायला आले तेव्हा मी हात जोडून नको म्हटलं, आणि कुणी दुसऱ्यांदा आग्रह केला नाही. टाळ मात्र हातात दिला. तो मी घेतला.

उजव्या हाताला सातपुड्याची निळी रेघ सारखी सोबत होती. पहाटे त्या रेघेकडे पाहत चालताना एकशे एकविसावं स्तोत्र आपोआप तोंडात आलं. दृष्टी डोंगराकडे लावणारं, साहाय्य कोठून येईल असं विचारणारं. लहानपणी रविवारच्या शाळेत पाठ केलेलं, बक्षीस म्हणून पेन्सिल मिळाली होती. तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं की हे चालणाऱ्यांचं गाणं आहे. 120 ते 134 ही पंधरा आरोहणस्तोत्रं. वल्हांडण, सप्ताहांचा सण, मांडवांचा सण, या यहुदी सणांसाठी यरुशलेमेला चढत जाणारे लोक ती म्हणत, असं मानतात. म्हणून तर त्यांत पाय आहेत, ऊन आहे, रात्र आहे, झोप आहे. खुर्चीत बसून मी ती शेकडो वेळा वाचली असतील. पायाखाली रस्ता आल्यावर कळलं की ती बहुतेक लहान का आहेत. दमलेल्या माणसाच्या एका दमात बसावीत एवढीच. एकशे एकतिसावं तर तीनच वचनांचं. आईजवळ शांत पडलेल्या, दूध तुटलेल्या लेकरासारखा माझा जीव, असं म्हणणारं.

रात्री शाळेच्या व्हरांड्यात मुक्काम. साडेतीनला भोंगा सुरू व्हायचा आणि मला तो फोडावासा वाटायचा. अंघोळीच्या बादलीवरून दोन बायका अशा भांडल्या की हरिपाठ म्हणणारी हीच का तोंडं, असं मनात आलं. मग लक्षात आलं की मनातल्या मनात मीही त्यांच्यात सामील होते. बादली मलाही हवी होती.

दुसऱ्या रात्री भजन संपल्यावर पखवाजवाल्या दादांनी विचारलं, "ताई, तुमच्यात अभंग असतेत का?" मी आमच्या ख्रिस्ती कवी टिळकांचा एक म्हटला. दुसऱ्या कडव्याला त्यांनी ठेका धरला, तिसऱ्याला टाळ आले. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला चालले होते, तेव्हा रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशानं त्यांना नवा करार दिला. मोठे पंडित, वाद घालण्यात कुणाला ऐकणारे नव्हते, पण त्यातल्या येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी अडकले ते अडकले. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. माझे वडील ही गोष्ट सांगताना नेहमी म्हणायचे, टिळकांना कुणी जिंकलं नाही, त्यांनी वाचलं. त्या रात्री दादांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "आमचंबी तसंच हाये. ज्ञानेश्वरी कोणी समजावून सांगितल्यानं थोडीच लागते."

मग अकोट गेलं. तिसरा दिवस.

अकोटहून शेगावच्या रस्त्याला लागलो की खारपाणपट्टा चांगलाच जाणवतो. काळी, भेगाळलेली जमीन, कपाशीच्या उभ्या पऱ्हाट्या, झाड दूर दूर. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. फेब्रुवारी संपत आला होता आणि ऊन एप्रिलचं. अकराच्या सुमारास डाव्या टाचेचा फोड फुटला. मग उजव्या पायाच्या चवड्याखाली एक, मोठा, पाणी भरलेला, पाऊल टाकलं की आत सरकणारा. मी तीस वर्षं नर्सचं काम केलंय. कितीतरी पायांना पट्ट्या बांधल्या. स्वतःचा पाय टेकवताना डोळ्यांत पाणी यावं याची मला लाज वाटली. मावशी पुढं गेल्या होत्या, गुडघे दुखत असूनही तालात. मी मागं पडले. टेम्पो निघून गेलेला.

तेव्हा तेच स्तोत्र पुन्हा आलं. तो तुझा पाय ढळू देणार नाही. दिवसा सूर्याची बाधा होणार नाही. आणि मला त्या वचनाचा संताप आला. रस्त्यात उभी राहून मोठ्यानं म्हटलं, खोटं आहे हे. पाय गेलाय, ऊन लागलंय, माणूस गेलाय. आजूबाजूला कुणी नव्हतं, म्हणून म्हणवलं. पाठ असलेलं वचन बाजूला ठेवता येत नाही, हा एक त्रासच. पुस्तक मिटता येतं. हे मिटत नाही.

पण मग अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र आठवलं. बाकीच्या बहुतेक विलापांत शेवटी कुठंतरी उजाडतं, यात नाही. ते अंधारातच संपतं. नवऱ्याच्या दुखण्यात मी ते वाचायला घाबरायचे, तो मात्र मुद्दाम वाचायला लावायचा. म्हणायचा, हेपण शास्त्रातच ठेवलंय ना, कुणी काढून नाही टाकलं. त्या रस्त्यावर मला एवढं कळलं की माझं ओरडणंही त्याच पुस्तकात आधीच लिहिलेलं आहे. मी बाहेर पडले नव्हते.

पुढं रस्त्याकडेला एक टिनाचं घर होतं, दारात निंबाची सावली. एक म्हातारी खाटेवर हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती. मला पाहून उठली.

"बस वो माय अथीसा. पाय पाहू दे."

मी म्हटलं, नको आजी, मी बांधते, माझ्याकडं पट्टी आहे.

"काहून लाजतं?" म्हणत तिनं घमेलं आणलं. दारातल्या टाकीचं पाणी घेतलं नाही. आत गेली, पितळेच्या गुंडातून काढून आणलं. "थे खारं हाये, झोंबते. हे गोडं, नळाचं." नळ किती दिवसांनी येतो असं विचारलं तर हातानंच सांगितलं, येते कधी तं. पिण्याचं साठवलेलं पाणी होतं ते. मी पाय मागं घेतला. तो मागं घेताना येशूला त्याच्या शिष्यानं, पेत्रानं म्हटलेलं वाक्य समोर उभं राहिलं, की तू माझे पाय कधीही धुणार नाहीस. अगदी त्याच्याच तोऱ्यात घेतला होता मी. पाय पुढं केला.

तिनं धूळ काढली, बोटांच्या बेचक्यांतली सुद्धा. सुई दिव्यावर तापवली. मी न सांगताच तापवली, हे मी पाहिलं. फोडातून दोरा ओवला आणि टोकं सोडून दिली, पाणी झिरपून जायला. हात खरखरीत, नखांत हरभऱ्याची हिरवी आंब. ती वाकलेली असताना तिच्या पांढऱ्या भांगाकडे पाहत मी रडले. नवरा गेल्यावर पहिल्यांदाच असं, आवाज करून. तिनं वर पाहिलं नाही.

मग खिशातलं पुस्तक पाहून म्हणाली, "हे कायचं? वाच ना."

योहानाचा तेरावा अध्याय काढला. जेवणावरून उठून येशूनं रुमाल कमरेला बांधला, शिष्यांचे पाय धुवायला गंगाळात पाणी ओतलं. ती घाटे सोलायची थांबली.

"सोता धुतले?"

हो.

"सगळ्याइचे?"

सगळ्यांचे, म्हटलं. आणि तिथं माझी जीभ अडली. यहूदा अजून उठून गेलेला नव्हता. तो बाहेर पडतो ते नंतर, तिसाव्या वचनात. इतकी वर्षं वाचलं, उपवासकाळात प्रवचनं ऐकली, आणि त्याचेही पाय त्या पाण्यात होते हे मला कधी दिसलं नव्हतं. मी तिला सांगितलं, जो त्याला धरून देणार होता, त्याचेही.

म्हातारी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मालूम असून?"

मालूम असून.

माझा दीर दवाखान्यात सही मागायला आला होता. सलाईन चालू असलेल्या हातात पेन देऊन, सामायिक शेताच्या कागदावर. त्या दिवसापासून मी त्याच्या घराकडून जात नाही. हे त्या म्हातारीला मी सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. पायाला जुन्या लुगड्याची पट्टी बांधली आणि ओंजळभर घाटे पदरात टाकले.

संध्याकाळी मुक्कामाला पोचले तेव्हा मावशी माझ्यासाठी पिठलं-भाकर झाकून बसल्या होत्या आणि चिडलेल्या होत्या. मी उशीर का झाला ते सांगितलं नाही, तेव्हा त्या आणखी चिडल्या. मग माझे पाय पाहिले आणि गप्प झाल्या.

चौथ्या दिवशी पूर्णा ओलांडली, शेगाव आलं. मावशी दर्शनाच्या रांगेत चार तास उभ्या होत्या. मी बाहेर चपला सांभाळत बसले आणि एकशे चौतिसावं वाचलं, पंधरांतलं शेवटचं, रात्री उभं राहणाऱ्यांचं. त्या बाहेर आल्या, माझ्या नवऱ्याचं नाव घेऊन म्हणाल्या, "सांगितलं बाप्पा त्याचं." मी त्यांचा हात धरला. तो नवस आता मला परका वाटत नव्हता.

परतीच्या एसटीत त्या माझ्या खांद्यावर झोपल्या. मी फोनमध्ये दिराचा नंबर काढला, पाहिला, फोन पिशवीत ठेवून दिला. पूर्णेचा पूल आला तेव्हा पुन्हा काढला.