कोपिनेश्वर ते अंबरनाथ, एका रात्रीत

आत्या पायाने अधू आहे, तरी सतरा वर्षं ती महाशिवरात्रीच्या आदल्या रात्री ठाण्याच्या कोपिनेश्वर मंदिरापासून अंबरनाथच्या शिवमंदिरापर्यंत चालतेय. यंदा मी पहिल्यांदा तिच्याबरोबर गेले. खारीगावातून आम्ही पंधरा-सोळा जण होतो. अंतर तीस किलोमीटरच्या आसपास, आणि सूर्योदयाच्या आत पोचायचं, ही तिची अट. मी कुरकुरले, तेव्हा म्हणाली, "पांडवांनी एके रातीन देऊल बांधला. तुला नुसता चालाचं हाय, बाय."

रात्री साडेआठला मासुंदा तलावाच्या काठावर कोपिनेश्वराला पाणी घालून निघालो. आजची इमारत पेशवाईतली, 1760 च्या सुमाराची. पण ठाणं म्हणजे शिलाहारांचं श्रीस्थानक, त्यांची राजधानी. ज्या राजांनी अंबरनाथचं देऊळ उभारलं, त्यांच्या गावातून त्यांच्या देवाकडे चालत जायचं, हे लक्षात आलं आणि पाय आपोआप उचलले.

कळव्याचा पूल, मग मुंब्रा. डोंगरावरच्या देवीचे दिवे उजव्या हाताला बराच वेळ सोबत होते. शिळफाट्याचा टप्पा मात्र जीवघेणा. ट्रक अंगावरून जातात, धुळीने घसा कोरडा पडतो. टाळ बंद करून, एकामागे एक, टॉर्च पेटवून चालायचं. आत्या माझ्या ओढणीचं टोक धरून होती.

कटाई नाक्यावर राजगिऱ्याचे लाडू आणि काळा चहा झाला. पुढे खोणी, नेवाळी. तिथून माझ्या डाव्या टाचेला फोड आला. मी बसले. आत्याने चपला काढायला लावल्या, फोडावर रुमालाची पट्टी बांधली आणि पांडवांची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतली. अज्ञातवासातले पाच भाऊ, एकच रात्र, दगडावर दगड. कळस चढवणार तेवढ्यात उजाडलं आणि त्यांना निघावं लागलं. म्हणून गाभाऱ्यावर छप्पर नाही. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलेय. पण पहाटे चारला, दुखऱ्या टाचेने, उजाडायची धास्ती मनात असताना ऐकली तेव्हाच ती मला खरी कळली.

त्रयोदशीचा चंद्र उशिराने उगवतो. पाचच्या सुमारास समोर अगदी बारीक कोर वर आली. कोणी तरी "हर हर महादेव" म्हणालं आणि आम्ही सगळे थांबलो.

देवळाजवळ पोचलो तेव्हा रांग लांबवर गेलेली होती. वालधुनीच्या पुलावर नाकाला पदर लावावा लागला. आत्या लहानपणी या नदीत पाय धुऊन आत जायची. आज ते पाणी पाहून ती काही बोलली नाही, आणि मला फार वाईट वाटलं. गावाने देव जपला, नदी जपली नाही.

रांगेत दोन तास देऊळ बाहेरून पाहायला मिळालं, हे भाग्यच. काळ्या दगडाचं, भूमिज पद्धतीचं. छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी खालून वर चढत जातात. खाली हत्तींची रांग, त्यावर देव-देवता, गजासुराचा वध करणारा शिव. कित्येक चेहरे झिजलेत, तरी उभं राहण्यातला डौल गेलेला नाही. उत्तरेच्या दाराच्या तुळईवर, आतल्या बाजूने, शके 982 चा लेख आहे. म्हणजे इसवी सन 1060. अभ्यासक सांगतात, शिलाहार राजा छित्तराजाने काम सुरू केलं आणि मम्मुणीने पुरं केलं.

सभामंडपातून गाभाऱ्यात जायला वीसेक पायऱ्या खाली उतराव्या लागतात. आत्याला मी दोन्ही हातांनी धरून उतरवलं. आत ओल, बेलाचा वास, दुधाने निसरडा झालेला दगड. पिंडीवर पाणी घातलं आणि दोघींनी वर पाहिलं. भिंती वर निमुळत्या होत गेलेल्या आणि मध्ये आभाळाचा तुकडा, नुकता पांढरा झालेला. आत्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मागून पुढे सरका, पुढे सरका चाललं होतं. ती हलली नाही. मग पुटपुटली, "उजाडला बघ."

परतताना लोकलमध्ये तिला खिडकी मिळाली. तिने विचारलं, "त्या लेखान पांडवांचा नाव हाय का?"

"नाही आत्या. राजाचं आहे."

ती थोडा वेळ बाहेर बघत राहिली. "पांडव रातचे आले होते," म्हणाली, "लिवनारा सकालचा आला असल." आणि उल्हासनगर यायच्या आत माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली.