तंबाखूच्या जुन्या जाहिराती जमवताना

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या ज्या डरहॅम शहरात मी राहते, त्याची ओळख एका जाहिरातीने घडवलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील ‘बुल डरहॅम’ तंबाखूवरचा बैल देशभर इतक्या भिंतींवर रंगवला गेला की पुढे शहरालाच ‘बुल सिटी’ म्हणू लागले आणि येथील बेसबॉल संघ ‘डरहॅम बुल्स’ झाला. येथील विद्यापीठाला नाव आहे ते तंबाखूच्या व्यापारातून गडगंज झालेल्या ड्यूक घराण्याचे. अमेरिकन टोबॅको कंपनीच्या लाल विटांच्या कारखान्यात आता कचेऱ्या आणि उपाहारगृहे आहेत, परंतु ‘लकी स्ट्राइक’ हे सिगारेटचे नाव मिरवणारे उंच धुराडे अजून तसेच उभे आहे. अशा शहरात जुन्या वस्तूंच्या दुकानात पाऊल टाकले की तंबाखूचे पत्र्याचे डबे, मुलामा दिलेल्या लोखंडी पाट्या, मासिकांतून कापलेली जाहिरातींची पाने आणि सिगारेटच्या पाकिटांतली चित्रे हमखास समोर येतात.

आमच्या घरात तंबाखू कोणीही घेत नाही, आणि मी या वस्तू जमवते हे कळल्यावर भारतातील नातेवाईक काहीसे अस्वस्थ होतात. ती अस्वस्थता मला रास्त वाटते. तरीही या वस्तू जपून ठेवल्या पाहिजेत असे माझे ठाम मत आहे, कारण त्या काळातील उत्कृष्ट छपाई आणि माणसाला व्यसनाकडे वळवण्याचे अत्यंत कसलेले तंत्र या दोन्ही गोष्टी एकाच डब्यावर, एकाच कागदावर एकत्र आलेल्या आहेत. हे चित्र किती सुंदर आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते इतके परिणामकारक का ठरले हे समजत नाही.

या साऱ्या जाहिरातबाजीचे मूळ एका यंत्रात आहे. व्हर्जिनियातील जेम्स बॉनसॅक या तरुणाने १८८१ साली सिगारेट वळण्याच्या यंत्राचे पेटंट मिळवले आणि जेम्स बुकॅनन ड्यूक यांनी ते आपल्या कारखान्यात चालवून दाखवले. कसबी कामगार हाताने मिनिटाला चारेक सिगारेटी वळत असे. यंत्रातून दिवसाला एक लाखाहून अधिक सिगारेटी बाहेर पडू लागल्या. त्या वेळी बहुतेक अमेरिकन तंबाखू चघळत किंवा पाइपमधून ओढत, त्यामुळे एवढ्या सिगारेटींना पुरेसे गिऱ्हाईकच नव्हते. माल आधी तयार झाला आणि तो घेणारा माणूस नंतर घडवावा लागला.

तो घडवण्याचे पहिले मोठे साधन म्हणजे पाकिटातले चित्र. कागदी पाकीट चुरगळू नये म्हणून आत पुठ्ठ्याचा छोटा तुकडा घालत असत. त्या कोऱ्या तुकड्यावर रंगीत चित्र छापले आणि मालिका पूर्ण करण्याची ओढ लावली की गिऱ्हाईक पुन्हा तेच पाकीट घेई. रिचमंडच्या ॲलन अँड गिंटर कंपनीने १८८० च्या दशकात पक्षी, देशोदेशींचे ध्वज आणि खेळाडू यांच्या मालिका काढल्या, आणि पक्ष्यांच्या पिसांमधील रंगछटा आजही पाहत राहावे अशा आहेत. ड्यूक यांनी पाकिटांतून नट्यांची छायाचित्रे वाटली. त्यांचे वडील वॉशिंग्टन ड्यूक धार्मिक वृत्तीचे होते. अशी चित्रे वाटणे थांबवावे, असे त्यांनी १८९४ साली मुलाला पत्राने कळवले होते.

या चित्रांबद्दल बोलताना बहुतेक जण होनस वॅगनर या बेसबॉलपटूचे चित्र असलेल्या पत्त्याचा (पाकिटातल्या अशा पुठ्ठ्याच्या तुकड्याचा) उल्लेख करतात. १९०९ ते १९११ या काळातील ‘टी-२०६’ मालिकेतील तो पत्ता २०२२ साली साडेबहात्तर लाख डॉलरला विकला गेला. मला मात्र ‘टी-२०६’ हा क्रमांक देणारा माणूस अधिक महत्त्वाचा वाटतो. जेफरसन बर्डिक हे न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूजचे एक कामगार होते आणि संधिवाताने त्यांचे हात वाकडे झाले होते. त्यांनी छापील पत्त्यांची पहिली पद्धतशीर सूची तयार केली, तिच्यात विसाव्या शतकातील तंबाखूच्या पत्त्यांना ‘टी’ आणि एकोणिसाव्या शतकातील पत्त्यांना ‘एन’ हे अक्षर दिले, आणि आपला तीन लाखांहून अधिक कागदांचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दान केला. तेथेच बसून ते अनेक वर्षे एकेक पत्ता वह्यांमध्ये चिकटवत राहिले. ते काम १९६३ च्या जानेवारीत संपले आणि मार्चमध्ये त्यांचे निधन झाले. संग्राहकाने काय करावे याचा याहून चांगला नमुना माझ्या माहितीत नाही.

संग्रहातला माझा सर्वांत आवडता भाग म्हणजे वस्तूचे वर्ष ठरवणे. जुन्या पाकिटाच्या माथ्यावर सरकारी कर भरल्याची निळी पट्टी चिकटवलेली असे; तिच्यावर न्यूयॉर्कचे एकेकाळचे गव्हर्नर डेविट क्लिंटन यांचे चित्र आणि बारीक अक्षरांत मालिकेचा क्रमांक छापलेला असतो. त्या क्रमांकात १८३० मिळवले की वर्ष हाती येते: १०२ म्हणजे १९३२, १२५ म्हणजे १९५५. लकी स्ट्राइकचे पाकीट हिरवे असेल तर ते १९४२ च्या आधीचे, कारण त्या वर्षी कंपनीने, हिरव्या शाईतले धातू युद्धाला हवेत असे कारण सांगत, पाकीट पांढरे केले. अमेरिकेत विकलेल्या पाकिटावर आरोग्याचा इशारा नसेल तर ते १९६६ पूर्वीचे मानावे.

बनावट माल पुष्कळ आहे, विशेषतः पाट्यांमध्ये. खऱ्या पोर्सिलेन (म्हणजे लोखंडावर मुलामा भाजलेल्या) पाटीवर प्रत्येक रंगाचा थर वेगळा भाजलेला असतो, त्यामुळे दोन रंगांच्या सीमेवरून नख फिरवले असता बारीक उंचवटा जाणवतो. कागदी जाहिरात अतिनील दिव्याखाली निळसर पांढरी चमकली तर तो कागद जुना नाही असे समजावे, कारण कागद उजळ करणारी ती रसायने दुसऱ्या महायुद्धानंतरच सर्रास वापरात आली. डबे पाण्याने धुऊ नयेत आणि कागद प्लास्टिकच्या साध्या पिशवीत ठेवू नये. येथील उन्हाळा दमट असतो, म्हणून पत्र्याला हवा कोरडी राखणे हाच मुख्य उपाय.

काही वस्तू हाती घेताना मन जड होते. कृष्णवर्णीय आणि मूळ अमेरिकन लोकांना हीन रंगवणारी चित्रे या डब्यांवर सर्रास आढळतात, आणि एका ब्रँडचे नावच कृष्णवर्णीयांसाठी वापरल्या जाणाऱ्या शिवीवरून होते. असे डबे मी घरात मांडत नाही. त्यांची जागा मिशिगनमधील फेरिस स्टेट विद्यापीठाच्या, वंशद्वेषी वस्तू जपणाऱ्या जिम क्रो म्युझियमसारख्या ठिकाणी आहे, जिथे शेजारी इतिहास लिहिलेला असतो आणि तो समजावून सांगणारी माणसे असतात.

मासिकांतील जाहिरातींमध्ये डॉक्टरांची पाने मला सर्वांत बोलकी वाटतात. १९३० साली लकी स्ट्राइकने २०,६७९ डॉक्टरांचा हवाला देऊन आपली सिगारेट घशाला कमी त्रास देते असे छापले. १९४६ पासून कॅमलने ‘इतर कोणत्याही सिगारेटपेक्षा अधिक डॉक्टर कॅमल ओढतात’ ही मोहीम चालवली. त्या पानांतील डॉक्टर पांढऱ्या कोटात, शांत चेहऱ्याचे, मध्यरात्री रुग्णाच्या हाकेला धावून जाणारे दाखवले आहेत. माणसाचा ज्यावर सर्वाधिक विश्वास असतो तेच येथे विक्रीला लावले होते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉक्टर रॉबर्ट जॅकलर यांनी आपल्या आईला फुफ्फुसाचा कर्करोग झाल्यावर अशा जाहिराती जमवायला सुरुवात केली, आणि त्यांचा तो प्रचंड संग्रह आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अमेरिकन इतिहास संग्रहालयात अभ्यासकांना पाहायला मिळतो.

माझ्या संग्रहात अजून एक कागद नाही आणि त्याचा शोध मी चिकाटीने घेत आहे. ४ जानेवारी १९५४ रोजी तंबाखू कंपन्यांनी एकत्र येऊन अमेरिकेतील चारशेहून अधिक वृत्तपत्रांत धूम्रपान करणाऱ्यांना उद्देशून एक निवेदन पैसे देऊन छापले. आम्ही लोकांचे आरोग्य ही आमची मूलभूत जबाबदारी मानतो आणि संशोधनाला मदत करू, असे त्यात म्हटले होते. त्या पानावर रंग नाही, चित्र नाही, बैल नाही, डॉक्टर नाही. म्हणून संग्राहक त्याकडे वळत नाहीत. शिवाय वृत्तपत्राचा कागद आम्लयुक्त असल्याने तो पिवळा पडून तुटतो, आणि मायक्रोफिल्म झाल्यावर अनेक ग्रंथालयांनी मूळ अंक काढून टाकले. नॉर्थ कॅरोलायनाच्या एखाद्या स्थानिक दैनिकातले ते पान मला हवे आहे, कारण ते वाचणाऱ्या घरांपैकी अनेकांची रोजीरोटी त्याच तंबाखूवर चालत होती.