नूरपूर ते कोलाघाट: इलिशच्या पाण्यावरची नोंदवही

श्रावण अमावस्येनंतरचा दुसरा दिवस, पहाट. डायमंड हार्बर, कोलकात्याच्या दक्षिणेला हुगळीकाठी

रात्रभर बारीक झिमझिम. बंगालीत या पावसाला इलशेगुंडी म्हणतात. इलिश (हिल्सा) या माशाच्या नावाने ओळखला जाणारा पाऊस आहे हा. तुषारांसारखा पाऊस आणि पूर्वेचा वारा जुळला की इलिश जाळ्यात येतो, असा इथल्या माछीमारांचा भरवसा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी असते. समुद्रातून अंडी घालायला गोड्या पाण्याकडे निघालेला हा मासा त्या लोंढ्याबरोबर हुगळी नदीत शिरतो. म्हणून सहलीचा दिवस तिथी पाहून ठरवावा. अष्टमीच्या आसपास गेलात तर पाणी मंद आणि बाजारात बर्फातला मासा जास्त.

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात, आणि ऑगस्टमध्ये दर्या खुला झाला तरी श्रावण पाळणाऱ्या घरांत मासळी बंदच. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असते, त्यामुळे बंगालचा ऐन हंगाम आपल्या उपासांवर येतो. मुंबईच्या बाजारात ज्याला पाला म्हणतात तोच हा इलिश, पण नदीच्या पाण्यात चढलेल्या माशाची चव वेगळी.

नगेंद्र बाजारात काकद्वीप, नामखाना, फ्रेझरगंज इथल्या ट्रॉलरांचा माल लिलावाला येतो. आडत हा शब्द इथेही आडतच आहे. इथला बहुतेक इलिश समुद्रात धरलेला असतो, पण पुढे किरकोळ बाजारात तो ‘कोलाघाटचा’ किंवा ‘पद्मेचा’ (बांगलादेशातल्या पद्मा नदीचा) होऊन बसतो. ओळख अशी: नदीतला मासा आखूड आणि पाठीला रुंद, डोकं लहान, चांदीवर किंचित गुलाबी झाक. समुद्रातला लांबट, पाठ जास्त काळसर. कल्ले उघडून लाल आहेत का ते पाहावं. पोट बोटाने दाबावं, खड्डा तसाच राहिला तर पुढच्या दुकानात जावं. पोट टम्म फुगलेलं दिसलं की पुष्कळ जण हरखतात, पण गाबोळी भरली की अंगातली चरबी तिकडे जाते आणि मांस कोरडं पडतं. गाबोळी हवी की मासा, ते आधी ठरवा. सहा माणसांना १ किलो २०० ग्रॅमचा एक मासा दोन पदार्थांना पुरतो. त्याचे दहा-बारा तुकडे होतात, शिवाय डोकं आणि शेपूट.

वीतभराहून लहान मासा पाटीत दिसला तर घेऊ नये. पश्चिम बंगालमध्ये २३ सेंटिमीटरखालचा इलिश धरायला आणि विकायला बंदी आहे, आणि आपली वीत जवळजवळ तेवढीच. या पिल्लांना खोका इलिश म्हणतात. स्वस्त असतात, आणि अंडी न घालताच संपतात. ज्या बोटीवर ‘इलिश उत्सव’ म्हणून हीच पिल्लं तळून ढिगाने वाढतात, तिथे उत्सव कसला?

त्याच दिवशी, सकाळी. नूरपूर घाट

नूरपूर, गादियाडा आणि गेंओखाली हे तीन घाट समोरासमोर, तीन वेगळ्या जिल्ह्यांत, आणि मधे हुगळी आणि रूपनारायण या नद्यांचा संगम. घाटा-घाटांत फेरी चालते. भाड्याची भुटभुटी, म्हणजे इंजिनाची होडी, घ्यायची असेल तर आदल्या दिवशी भरती-ओहोटीच्या वेळा विचाराव्यात. त्या रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकतात. ओहोटीला घाटाच्या पायऱ्यांखाली गुडघाभर चिखल असतो, त्यामुळे चढणं-उतरणं भरतीलाच. बान, म्हणजे भरतीची उभी लाट, उधाणाच्या दिवसांत हुगळीतून वर धावते, तेव्हा घाटाला बांधलेली होडी आपटून फुटू शकते. नावाडी तिला पात्राच्या मध्यावर नेऊन लाटेकडे नाक करून उभी करतो. तो ‘थांबा’ म्हणाला की थांबावं. लाइफ जॅकेट अंगात हवं, बाकाखाली नको.

इथून वर, दामोदर जिथे हुगळीला मिळते तिथपर्यंतच्या पट्ट्यात जेम्स अँड मेरी नावाची पाण्याखालचे वाळूचे कुप्रसिद्ध दांडे आहेत. १६९४ मध्ये रॉयल जेम्स अँड मेरी हे जहाज तिथे बुडालं. तळ अजूनही सरकत असतो. गाळाने पात्र उथळ झालं की माशाची वर जायची वाटही अडते. १९७५ मध्ये फरक्का बंधारा सुरू होण्यापूर्वी इलिश गंगेतून अलाहाबादपर्यंत आणि त्याच्याही पुढे जात असे.

दुपार. बोटीवरचं स्वयंपाकघर

मासा अख्खा असतानाच खवले काढून धुवायचा. कापल्यावर तुकडे धुवायचे नाहीत. कापलेल्या जागेतून रक्ताबरोबर तेल आणि वासही निघून जातो, आणि इलिशमध्ये जपण्यासारखं तेच. कापायला आंशबोटी, आपल्या विळीसारखीच पायाने दाबून धरायची. मोठ्या माशाची पाठ आणि पोट वेगळं करतात. पाठ म्हणजे गादा, पोट म्हणजे पेटी. पेटीतले काटे लांब आणि सुटे, गाद्यात बारीक आणि दुभंगलेले. नवख्याला पहिल्यांदा पेटी वाढा. घास बोटांनी चाचपून घ्यायचा. काटा-चमचा इथे धोक्याचाच.

भापा म्हणजे वाफवलेल्या इलिशचं खरं काम मोहरीत आहे. सहा तुकड्यांना २ मोठे चमचे पिवळी आणि १ चमचा काळी मोहरी, गार पाण्यात वीस मिनिटं. गरम पाणी घातलं तर मोहरीचा झणका तयारच होत नाही आणि नुसता कडूपणा उरतो. चार हिरव्या मिरच्या आणि अर्धा चमचा मीठ मोहरीबरोबरच वाटायचं, अगदी थोड्या पाण्यात, मिक्सर थांबवत थांबवत. सलग फिरवला तर भांडं तापतं, सालं पिसली जातात, वाटण कडू होतं. काळी मोहरी जास्त झाली असेल तर वाटण गाळून घ्यावं. त्यात अर्धा चमचा हळद आणि ३ मोठे चमचे मोहरीचं कच्चं तेल. तुकडे त्यात घोळून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवायचे, वर दोन चिरलेल्या मिरच्या आणि आणखी एक चमचा तेल. डबा उकळत्या पाण्यात निम्मा बुडेल असा ठेवून बारा ते पंधरा मिनिटं. वीस मिनिटं झाली की मांसाचे पापुद्रे सुटतात आणि चरबी रश्शात उतरते. गॅस बंद केल्यावर डबा लगेच उघडू नये, पाच मिनिटं वाफ मुरू द्यावी.

दुसरा पदार्थ पातळ झोल. मोहरीचं तेल धूर येईपर्यंत तापवून किंचित निवू द्यायचं. मीठ-हळद लावलेले तुकडे प्रत्येक बाजूने जेमतेम एक मिनिट. कढईत मूळच्या तेलाहून जास्त तेल दिसायला लागतं, ते माशाचं. त्यातलं अर्धं वाटीत काढून ठेवावं. उरलेल्यात वांग्याच्या लांब फोडी परतून बाजूला काढायच्या, मग अर्धा चमचा कलौंजी, चार उभ्या मिरच्या, अर्धा चमचा हळद आणि अडीच वाट्या पाणी. उकळलं की मासा आणि वांगी, पाच मिनिटं. कांदा, आलं, लसूण काही नाही. आपला हात इथे सवयीने लसणीकडे जातो, तो आवरावा. पूर्व बंगालच्या घरांत इलिश कांद्यातही करतात आणि तोही उत्तम लागतो, पण नदीवरच्या ताज्या माशाला हा कलौंजीचा झोलच पहिला मान.

डोकं कोचूर शाकात, म्हणजे अळूच्या देठांत. देठं उकडून ते पाणी पूर्ण फेकून द्यायचं, नाहीतर घसा खाजतो. फदफदं करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

वाढण्याचा क्रम मोडू नये. आधी गरम भातावर वाटीतलं ते तेल, मीठ आणि एक हिरवी मिरची. मग शाक, मग झोल, मग मोहरीचा भापा, आणि शेवटी शेपटीचं चिंचेतलं टक. मोहरी आधी खाल्ली की झोल पाणचट लागतो. बोटीवरच्या मेजवान्यांत दहा पदार्थ एकदम मांडतात, तासभर गरम ठेवतात, आणि सगळ्यांची चव एकच होते. दोन-तीन पदार्थ, कढईतून थेट पानात, एवढं पुष्कळ आहे. इतर मासळी हवी असेल तर भेटकी घ्या. अलिबागकडचा जिताडा तो हाच. लोटे म्हणजे आपला बोंबील, इथे तो कांदा-लसणीत ठेचून परततात.

दुसरा दिवस. कोलाघाट

गेंओखालीहून महिषादल, तमलुक करत रस्त्याने. तमलुक म्हणजे जुनं ताम्रलिप्ती बंदर. कोलाघाटच्या इलिशचं नाव मोठं, पण रूपनारायण गाळाने भरत गेली आणि मासा घटला. आता खरा नदीतला मासा सकाळी लवकर, थेट होडीवरून मिळाला तर मिळाला. सहा-सात मासेच असतील, भाव चढाच असेल, आणि विकणारा वजन करताना घासाघीस करणार नाही. ज्याच्याकडे पाटीभर रास आहे त्याचा मासा बहुधा ट्रकमधून आलेला.

हावड्याकडे लोकलने न्यायचा असेल तर मासा कापून घेऊ नका. अख्खा मासा प्लास्टिकमध्ये गुंडाळून थर्मोकोलच्या डब्यात ठेवावा, खाली चार बोटं बर्फाचा चुरा, वर तेवढाच. बर्फाचं पाणी थेट माशाला लागलं तर कातडी पांढुरकी पडते, म्हणून डब्याला तळाशी भोक हवं आणि खाली परात किंवा जाड पिशवी, नाहीतर लोकलच्या सगळ्या डब्यात वास राहतो.