माळ्यावरची खोकी

आमच्या घरातून एखादं खोकं टाकून द्यायचं असेल, तर आई गावाला गेलेली असावी लागते. आणि आई गावाला जात नाही.

रिकामं खोकं बघितलं की ती आधी ते फुंकते, बुडावर दोन चापट्या मारते आणि म्हणते, "राहू दे, लागतंय." कशाला लागतंय हे विचारायचं नसतं. त्यामुळं जोडभावी पेठेतल्या आमच्या घराचा माळा म्हणजे गेल्या तीस वर्षांत घरात काय काय आलं त्याचा दप्तरखाना झाला आहे. यंदा मे महिन्यात तो मी आवरायला काढला. (शहाणा सोलापूरकर मे महिन्यात माळ्यावर चढत नाही. खाली पारा चव्वेचाळीसला असतो, पत्र्याखाली तो मोजायच्या भानगडीत कोणी पडलेलं नाही.)

वर गेल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की आमच्याकडं खोक्यावर लिहिलेलं कधीच खरं नसतं. टीव्हीच्या खोक्यात गोधड्या. मिक्सरच्या खोक्यात गणपतीची आरास. डाळिंबाच्या खोक्यात माझी बारावीची पुस्तकं. बुटांच्या खोक्यात लाइटबिलं. आणि ज्याच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं त्यात अजून तीन रिकामी खोकी, एकात एक बसवलेली. मुंबईकडं पेटी म्हणजे लाख आणि खोकं म्हणजे कोटी. त्या हिशेबानं माळ्यावर मला चौसष्ट कोटी सापडले.

खोक्यांचे प्रकार असतात हे मी शिकलो ते मात्र फजितीतून. दोन वर्षांपूर्वी पुण्याला ताईकडं निघालो होतो. आईनं शेंगाचटणी, कडक भाकरीची चळत आणि एक चादर भरून दिली. खोकं मीच निवडलं, कुठल्याशा भेटवस्तूचं, गुळगुळीत, सोनेरी नक्षीचं. बुडाला चिकटपट्टीसुद्धा नव्हती, चार पाकळ्या एकमेकींत अडकवून तळ तयार झालेला. मला ती कारागिरी फार आवडली. फलाटावर गाडी लागली, मी खोकं उचललं आणि वरचं सगळं माझ्या हातात राहिलं, खालचं सगळं फलाटावर. चटणीची पिशवी फुटली. एक कुत्रं मोठ्या आशेनं आलं, हुंगलं, शिंकलं आणि गेलं. चादरीला काही झालं नाही. सोलापुरी चादरीला काही होत नसतं.

पुढच्या खेपेला मी नव्या पेठेच्या मागं एका खोकीवाल्याकडं गेलो. त्याला फजिती सांगितली. तो हसला नाही, त्यानं निदान केलं. "मालक, ते शोभेचं खोकं. अडकवलेलं बूड अत्तराच्या बाटलीला ठीक, चटणीला कसं चालंल?" मग त्यानं साधं तपकिरी खोकं पुढं सरकवलं. जगात सगळ्यात जास्त दिसणारं खोकं ते हेच. वर चार कान, खाली चार कान, सगळे सारख्या उंचीचे. आखूड बाजूंचे कान आधी आत दुमडायचे, लांब बाजूंचे कान त्यांच्यावर आणून मधोमध भिडवायचे, त्या फटीवर टेप मारायची. कान सारखे असल्यामुळं कापताना पुठ्ठा जवळजवळ वाया जात नाही, म्हणून ते स्वस्त. याच्याच दणकट भावाचे लांब बाजूंचे कान एकमेकांवर पूर्ण चढतात, त्यामुळं बुडाला पुठ्ठ्याचा आणखी एक थर मिळतो. चटणीला तो दिला.

पुठ्ठ्याची कड त्यानं माझ्या डोळ्यांसमोर धरली. दोन सपाट कागद आणि मध्ये लाटेसारखा चुण्या पाडलेला कागद, हे तीन प्लाय. लाटेचे दोन थर आणि सपाट कागद तीन, म्हणजे पाच प्लाय. "ह्या नळ्या उभ्या आल्या पायजेत," तो म्हणाला, "आडव्या आल्या की खोकं बसलं." उभ्या नळ्या खांबासारखा भार घेतात, म्हणून एकावर एक आठ खोकी रचली तरी तळातलं उभं राहतं. दमट हवेत कागद मऊ पडला की हेच खांब गुडघे टेकतात. तेवढ्यापुरती आपली कोरडी हवा कामाची. सोलापूरच्या उन्हाचं कोणी कौतुक केलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मापाचीही एक गंमत. आधी लांबी, मग रुंदी, शेवटी उंची, आणि तीही आतून मोजलेली. मी आयुष्यभर बाहेरून मोजत आलो होतो आणि चादर का बसत नाही म्हणून घडीला दोष देत होतो.

तेव्हापासून मला हा नाद लागला. लाटांच्या कागदाचं पहिलं पेटंट १८५६ साली इंग्लंडमध्ये निघालं, ते खोक्यासाठी नव्हतंच, साहेबांच्या उंच टोपीला आतून अस्तर लावायला होतं. आणि घडीच्या खोक्याचा जन्म तर चुकीतून झालेला. १८७९ साली, म्हणजे आपल्या सोलापूरची जुनी मिल सुरू झाली त्यानंतर दोनेक वर्षांनी, न्यूयॉर्कजवळ ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट गेअर नावाच्या पिशवीवाल्याच्या कारखान्यात कागदाला घडीची खूण पाडणारी धातूची पट्टी जागची हलली आणि पिशव्या कापल्या गेल्या. दुसरा असता तर त्यानं कामगाराच्या पगारातून कापून घेतलं असतं. गेअरच्या डोक्यात आलं, कापायचं आणि दुमडायचं एकाच दाबात करता येईल की! टूथपेस्टपासून औषधांपर्यंत दोन्ही टोकांना जीभ खोचलेली सगळी खोकी ही त्या हललेल्या पट्टीची लेकरं.

डबी आणि झाकण वेगळं असलेला प्रकार मला खानदानी वाटतो. बूट, साडी, पेढे. झाकण उचलताना आतली हवा क्षणभर धरून ठेवते, तेवढ्यात उत्सुकता वाढते. काडेपेटी म्हणजे बाहेरचं म्यान आणि आतला सरकता खण. लहानपणी आम्ही तिची आगगाडी करायचो. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंची चपटी खोकी मात्र मला आवडत नाहीत. एकाच तुकड्यातून दुमडलेली, हुशार खरी, पण आत कंगवा आणि भोवती हातभर पोकळी.

माझं लाडकं डाळिंबाचं. पाच प्लाय, बाजूला हवेची भोकं, वर लालभडक फळ छापलेलं. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, खोक्याला कोणी विचारलं नाही. सांगोल्याकडचा मामा दरसाल एक पाठवतो. डाळिंबं आठ दिवसांत संपतात आणि खोकं नोकरीला लागतं. पुस्तकं, कांदे, एकदा मांजरीची चार पिल्लं. भोकांतून पंजे बाहेर यायचे.

तर आवराआवर. मी रद्दीवाल्याला बोलावलं. आई उंबऱ्यात पाट टाकून बसली. एकेक खोकं तिच्यासमोरून जायचं, फुंकर, दोन चापट्या, निकाल. चौसष्टांपैकी सात गेली. पुठ्ठ्याचे मिळालेले पैसे रद्दीवाल्याच्या आणि माझ्या चहालाही पुरले नाहीत.

श्रावणात ताईनं घर बदललं. नवा फ्लॅट, अकरावा मजला, माळा नाही. आठवड्यानं तिच्याकडून एक पार्सल आलं. मी खोकं लगेच ओळखलं. चटणीसाठी घेतलेलं तेच, पत्ता तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलेला. चांगलं जड होतं. बाकरवडी असेल म्हणून मी घाईनं टेप कापली. आत चपटी करून, सुतळीनं बांधलेली वीस-बावीस खोकी होती. वर चिठ्ठी : "टाकवेना. आईला दे."

आईनं सुतळी सोडली. एकेक उलगडून बघितलं. "चांगली आहेत की गं बाई," ती म्हणाली, आणि मला शिडी आणायला सांगितली.